पहिल्या हाकेला दिलेली ओ

मावळातल्या मंडळींनो, लांबण लावत न्हाई.

आज सकाळी नात इंग्रजी पाठ करत होती. कॉल म्हंजे बोलावणं, फोन करणं, नाव ठेवणं, भेटायला जाणं. म्हणली, "आजी, एका शब्दाचे किती अर्थ."

मी म्हणलं, आमच्या घरात एकच होता.

इंग्रजांच्या राज्यात वडील लोणावळ्याला आगगाडीच्या इंजनावर कोळसा टाकायचे. ड्युटी लागली की रेल्वेचा माणूस वही घेऊन यायचा नि बाहेरनं ओरडायचा, "धोंडूभाऊ, कॉल!" आईचा नेम होता, तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाई. पहिली हाक माणसाचीच असंल असं न्हाई, म्हणायची.

मी सात वर्षांची. भरदुपारी हाक आली नि मी पहिलीलाच ओरडले, "व्हय, येतायत." वडील अर्धी भाकरी टाकून गेले.

घटकाभरानं वहीवाला दारात. "धोंडूभाऊ कुटं हायेत? कॉल हाय."

वडील कामावर पोचलेच न्हाईत. पुन्हा कुणाला दिसलेबी न्हाईत. आई मला त्यावरनं कदी एक शब्द बोलली न्हाई.

नात म्हणली, "मग आधी कोण ओरडलं?"

फोन मी आजबी तिसऱ्या रिंगलाच उचलते.

तुमीच सांगा, सात वर्षांच्या पोरीनं दिलेली ओ, तिची चूक धरायची का?