तीनदा बघणारे काका

आमच्या कारखान्यातले वायरमनकाका एकदा सांगून कशावरच विश्वास ठेवत नसत, आणि सगळ्यात कमी विश्वास त्यांचा स्वतःच्या टेस्टरवर होता. टेस्टर म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या घरी ड्रॉवरमध्ये पडलेला असतो तोच, पारदर्शक दांड्याचा, करंट असला की पोटात नारिंगी दिवा लागणारा. मशीन दुरुस्तीला घ्यायचं झालं की काका मेन स्विच बंद करत आणि मशीनकडे न जाता उलट दिशेला, दाराजवळच्या चालू सॉकेटकडे जात. तिथे टेस्टर घालून दिवा लागतोय हे बघत. मग मशीनला लावून दिवा लागत नाही हे बघत. आणि मग पुन्हा दाराशी जाऊन तो अजून लागतोय ना, हे बघत. एवढं झाल्यावरच कुणाला मशीनमध्ये हात घालू देत. "दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही, असं नाही. टेस्टरच मेलेला असेल," हे त्यांचं वाक्य मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि पुढची अठरा वर्षं ऐकत राहिले. कामगार त्यांना 'तीनदा काका' म्हणत, अगदी तोंडावर.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, मार्केट यार्डापासून हाकेच्या अंतरावर. डाळिंबं, अंजिरं, सीताफळं आमच्या खोक्यांतून गावोगाव जायची. मी स्टोअर्स सांभाळत होते. माझं तोंड तिखट आहे, ते मी लपवत नाही. स्टोअर्समध्ये बसणारी बाई गोड बोलायला लागली तर महिन्याभरात कपाटं रिकामी होतात. तर त्या पहिल्याच आठवड्यात काकांनी नव्या टेस्टरांचा पुडा परत आणून माझ्या टेबलावर ठेवला.

"यातले तीन बाद आहेत."

"कालच आलेत, काका. नवे आहेत."

"नवे आहेत ते मलाही दिसतंय, ताई. चांगले आहेत का ते मी बघितलं."

मी तणतणत ते तिन्ही टेस्टर घेऊन सॉकेटपाशी गेले. एकाचाही दिवा लागला नाही. आजूबाजूचे सगळे हसले. काका मात्र हसले नाहीत. "आता त्यातला चौथा लावून बघा," म्हणाले, "नाहीतर सॉकेटच बंद होतं म्हणाल." चौथ्याचा लागला. मी तीन टेस्टर परत पाठवले आणि मनातल्या मनात या माणसाशी वाद घालायचा नाही म्हणून कानाला खडा लावला. तो फार टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.

ही सवय कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नसे. ते कात्रजला राहायचे. बसची पाटी वाचून झाली की ते कंडक्टरला विचारत, आणि आत बसल्यावर शेजारच्याला. एकदा मी सोबत होते, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पाटीवर कात्रज लिहिलंय, मी कात्रज म्हणतोय, आता काय ड्रायव्हरकडून लिहून आणू?" काकांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या घरी गेले की काकू हटकून सांगायच्या, "मला बघायला सुद्धा तीनदा आले होते हो. तिसऱ्या वेळी आमच्या आईनं पोहे केलेच नाहीत. नुसता चहा." काका पेपरातून डोकं वर न काढता विचारत, "मग, निघाली का काही चूक?" आणि काकू म्हणत, "अजून बघतायत."

गुरुवारी कारखाना बंद असे. त्या दिवशी काका एकेक मशीन तपासत आणि मी रजिस्टर घेऊन मागे फिरे. जो बघतो त्यानंच लिहायचं नाही, असा त्यांचा नियम होता, आणि लिहायला सुट्टीच्या दिवशी येणारी दुसरी वेडी त्यांना मिळाली नव्हती. वायर कुठे सोलली आहे का, अर्थिंग शाबूत आहे का, लाल बटण दाबल्यावर मशीन खरंच थांबतं का, सगळं बघायचे. मोटरचा वास घ्यायचे. खोकी कापायच्या मशीनला एक झाकण होतं. ते उघडलं की मशीन आपोआप थांबायला हवं. एका गुरुवारी त्यांना दिसलं, की कुणीतरी त्या झाकणाखालचं बटण सुतळीनं आवळून ठेवलं आहे, म्हणजे झाकण उघडं ठेवूनही पातं फिरत राहील आणि माल भरभर निघेल. त्यांनी आरडाओरडा केला नाही. सुतळी कापली, खिशात घातली, आणि शुक्रवारी सकाळी त्या ऑपरेटरला म्हणाले, "तुमची सुतळी माझ्याकडे आहे. बोटं तुमच्याकडे आहेत. हे असंच राहू द्या."

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. मोतीबिंदू काढला, चष्मा बदलला, तरी टेस्टरचा तो इवलासा दिवा त्यांना उजेडात कधी दिसे, कधी न दिसे. एका गुरुवारी ते डाळिंबाचं एक रिकामं खोकं घेऊनच आले. "आजपासून मशीनच्या आधी मला तपासायचं," म्हणाले. पद्धत त्यांनीच ठरवली होती. खोक्यानं सॉकेटचं बटण झाकायचं, मी त्यात हात घालून ते चालू किंवा बंद करायचं, दुसऱ्या हातानं सॉकेटमध्ये टेस्टर धरायचा, आणि काकांनी दिवा बघून 'चालू' की 'बंद' ते सांगायचं. असं दहा वेळा. प्रत्येक वेळी मी बरोबर की चूक ते बोलायचं आणि लिहायचं.

"एकदा जरी चुकलो, की सांगायचं. त्या दिवसापासून मी या कामाला हात लावणार नाही."

"दहात एकदा कुणीही चुकेल, काका."

"चुकू दे. पण त्यानं मग मशीन बंद आहे म्हणून सांगायला जाऊ नये. आणि ताई, दया दाखवायची नाही. तुमची दया दुसऱ्याच्या हातावर जाईल."

मी हो म्हटलं. मला तो सगळा तेव्हा पोरखेळच वाटला होता. वर्षभर दहाच्या दहा बरोबर येत राहिले.

मग एका गुरुवारी दिवा लागलेला असताना ते 'बंद' म्हणाले. मी टेस्टर धरून उभी होते, दिवा माझ्या डोळ्यांसमोर लुकलुकत होता. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. या माणसाला या कामापलीकडे काही नव्हतं. ना पत्त्यांचा अड्डा, ना देवळातली मंडळी. मी म्हटलं, "बरोबर." लिहिलंही तेच. पुढच्या गुरुवारी पुन्हा एक चुकलं, पुन्हा मी 'बरोबर' म्हटलं. घरी जाताना मी स्वतःची समजूत घालत होते, की चूक आपल्याला ठाऊक आहे, आपण मागे उभ्या असतो, मशीनपाशी आपण बघू. गुरुवारी मी मागे असे, ते खरं. बाकीचे सहा दिवस मी स्टोअर्समध्ये असे आणि काका एकटे मशीन बंद आहे म्हणून सांगत असत. ते मी विचारातच घेतलं नाही, किंवा घ्यायचं नव्हतं म्हणा.

तिसऱ्या गुरुवारी पहिल्याच खेपेला ते 'बंद' म्हणाले. दिवा चालू होता. मी म्हटलं, "बरोबर."

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "ताई, दिवा चालू आहे. मला स्वच्छ दिसतोय. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं."

मी टेस्टर सॉकेटमधून काढून घेतला.

"मागचे दोन गुरुवार मी काही वेळा अंदाजानं सांगत होतो," ते म्हणाले. "अंदाज दहाच्या दहा बरोबर येत नसतात. तेव्हाच कळलं होतं. पण म्हटलं, बघून घ्यावं." आवाज चढलेला नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. रजिस्टर माझ्या हातातून घेऊन त्यांनी त्यात स्वतः लिहिलं, 'आजपासून मी तपासणी करणार नाही,' आणि खाली सही केली. मागच्या दोन गुरुवारांच्या पानांवर आडवी रेघ मारली. त्या पानांवर सही माझी होती. मग म्हणाले, "टेस्टर मेला तर नवा मिळतो, ताई. तुमच्यासारखं माणूस खोटं बोलायला लागलं तर मी विचारायचं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना सगळं सांगितलं, माझं नाव सोडून. एक नवा वायरमन आला. काका त्याच्या मागे स्टूल टाकून बसत आणि तो दाराशी, मशीनशी आणि पुन्हा दाराशी जाऊन आला नाही तर कुणाला मशीनमध्ये हात घालू देत नसत. माझ्याशी ते दीड-दोन महिने कामापुरतं बोलले. अहो-जाहो तेच, 'ताई' तेच, पण चहाला ते वेगळ्या बाकावर बसू लागले. मी एकदा माफी मागायला गेले, तर "काम आहे का काही?" असं विचारलं. रडू आलं मला. स्टोअर्सचं दार लावून मी रडले, आणि ते कुणाला कळू नये म्हणून दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिले.

दिवाळीत मात्र त्यांचा निरोप आला, फराळाला या. मी गेले. काकूंनी ज्यांच्या शेजारी माझा पाट मांडला ते एक गृहस्थ आधीच येऊन बसले होते. काकांनी ओळख करून दिली, "हे बबनराव. माझ्या आधीच्या नोकरीत बरोबर होते." बबनराव डाव्या हातानं चिवडा खात होते. उजव्या हाताची बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली होती. ते छान बोलले, नातवाचं कौतुक सांगितलं, काकूंच्या अनारशांना नावं ठेवून आणखी दोन घेतले. ते गेल्यावर काका म्हणाले, "मी त्यांना सांगितलं होतं, बंद आहे, घाला हात. माझ्या टेस्टरचा दिवा लागला नव्हता. टेस्टर बाद होता." मग म्हणाले, "दर दिवाळीला येतात. एका शब्दानं कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं."

दीड-दोन महिन्यांपूर्वी 'बरोबर' म्हणताना मी कुणाचा हात पणाला लावला होता, ते तेव्हा मला डोळ्यांनी दिसलं. काकांनी माझ्यापुढे पाण्याचं भांडं सरकवलं. "तुमच्या जागी मी असतो तर मीही बहुतेक तेच केलं असतं," म्हणाले. "माणूस वाईट असतो म्हणून नियम लागत नाही, ताई. माया असते म्हणून लागतो." त्यानंतर चहाला आम्ही पुन्हा एका बाकावर बसू लागलो.

निवृत्तीनंतर तीनेक वर्षांत त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. शेवटचे काही महिने घरीच होते, खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र. कारखान्यातल्या बाया-माणसांनी कोरोनात घेतलेला बोटाचा चिमटा, तो ऑक्सिजन मोजायचा, तसलाच एक काकूंकडे होता. तो काकांच्या बोटाला लावायला काकू पुढे झाल्या की ते हात मागे घेत. "आधी तुझ्या बोटाला." काकूंनी आपल्या बोटाला लावून आकडा दाखवायचा, मग त्यांच्या, मग पुन्हा आपल्या. काकू वैतागायच्या. "धाप लागलीये तुम्हाला, आणि खोड काही जात नाही." मी दर रविवारी जायचे, तेव्हा हे भांडण ठरलेलं. मला त्यात फार बरं वाटायचं, कारण ते भांडत आहेत तोवर सगळं ठीक आहे असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी सातला काकूंचा फोन आला, "हे उठत नाहीयेत हो." मी रिक्षा करून पोचले. डॉक्टरांना निरोप गेला होता, मुलगी निगडीहून निघाली होती. काकू खाटेच्या कडेला बसल्या होत्या. काकांचा हात त्यांच्या मांडीवर होता आणि चिमटा त्यांनी आपल्या मुठीत घट्ट धरला होता.

"मघाशी लावला तर आकडाच येईना," काकू म्हणाल्या. "मशीन बिघडलं असेल. सेल गेले असतील."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. आकडा आला, सत्त्याण्णव. मग त्यांनी काकांचं बोट हातात घेतलं, जरा चोळून ऊब दिली, आणि चिमटा लावला. काचेवर नुसत्या दोन रेघा. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग तो काढून पुन्हा आपल्या बोटाला लावला, आणि आकडा आला तशी त्यांनी मान फिरवली. बोट माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही बघून सांगा, ताई. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. माझ्या जिभेवर आलं होतं, की काकू, थांबा, डॉक्टर येऊ देत, ही यंत्रं काय, कधीकधी दाखवत नाहीत. ते मी गिळलं.

"सत्त्याण्णव," मी म्हटलं. "मशीन चांगलं आहे, काकू."