मागे मोजणारा काउंटर

काउंटर मोजतो कसा, असं कुणी विचारलं की मी शाळेतली हातच्याची बेरीज आठवायला सांगते. आत छोटे छोटे स्विच ओळीनं बसलेले असतात, त्यांना फ्लिप-फ्लॉप म्हणतात. प्रत्येकाला दोनच आकडे येतात, शून्य आणि एक. ठोका पडला की पहिला पालटतो. एकवरून शून्यावर आला की हातचा शेजाऱ्याला देऊन मोकळा होतो. मग शेजारी पालटतो. बस्, एवढीच त्याची विद्या, आणि मला ती अजूनही फार गोड वाटते. भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे गल्लोगल्ली सापडतील, पण लूमवरचे, विणलेलं कापड मोजणारे काउंटर उघडून बसणारी आमच्या भागात मी एकटीच बाई. त्याची थोडी मिजास आहे मला, आणि ती मी लपवत नाही.

एका सकाळी ओळखीच्या कारखानदार चाचांचा फोन आला. माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा, कोकणी मुसलमान, बोलायला गोड, रागावला की वीज. "पोरी, जरा येऊन जा गो. तुझा काउंटर बरोबर हाय का न्हाय, बघ." काउंटर बाजारातून आणलेला, मी फक्त एकदा त्याची वायर जोडली होती. पण आपल्याकडे ज्याला हात लावला ते आपलंच होतं.

गेले तर प्रकरण वेगळंच निघालं. एका लूमचे ताके तोकडे भरत होते. ताका म्हणजे लूमवरून उतरणारं सलग कापड. काउंटरनं ठरलेली लांबी दाखवली की तो कापायचा. नंतर टेबलावर मोजला की कमी. बाकीच्या लूमवर फरक असलाच तर किरकोळ. चाचांनी सरळ निकाल लावला होता, विणकर कापड कापून नेतो. सगळ्या कारखान्यासमोर त्याला चोर म्हटलं होतं आणि संध्याकाळी निघायला सांगितलं होतं. विणकर उत्तरेकडचा, याच कारखान्यात केस पिकलेला. चोरीचा शिक्का घेऊन इथून बाहेर पडला असता तर भिवंडीत त्याला दुसरा लूम मिळाला नसता. "दीदी, मैंने नहीं काटा," एवढंच तो मला म्हणाला.

मी काउंटर उघडून तपासला. कुठेच खोट नाही. मला काउंटरचाच राग आला, कारण तो धडधाकट निघाला म्हणजे माणूस चोर ठरणार होता. शेवटी स्टूल ओढून लूमपाशीच बसले.

थोड्या वेळानं आडवा धागा तुटला आणि लूम थांबला. अशा वेळी बरेचजण धागा जोडतात आणि पुढे चालू करतात. कापडावर बारीकशी रेघ राहते, राहू दे. या गृहस्थानं मात्र हातानं चाक उलटं फिरवलं, विणलेलं मागे उकललं, तुटका धागा काढून टाकला आणि मग लूम सुरू केला. चाक मागे फिरत होतं आणि काउंटरवरचा आकडा पुढे पळत होता! मी चक्क ओरडले. लूमच्या खडखडाटात कुणाला ऐकू गेलं नाही, ते बरंच झालं.

काउंटरला ठोका कळत होता, दिशा कळत नव्हती. चाक उलटं फिरलं तरी तो बेरीजच करायचा, म्हणजे उकललेलं कापडही विणलेलं म्हणून मोजायचा. ह्या माणसाचे ताके सगळ्यात तोकडे होते, कारण ते सगळ्यात स्वच्छ होते.

मी दुकानातून सामान आणलं. चाक फिरलं की काउंटरला ठोका देणाऱ्या सेन्सरशेजारी दुसरा सेन्सर बसवला आणि दोघांच्या मागे शिफ्ट रजिस्टर जोडलं. शिफ्ट रजिस्टर म्हणजे रांगेतल्या खोल्या. प्रत्येक ठोक्याला खोलीतला आकडा शेजारच्या खोलीत सरकतो, म्हणून क्षणापूर्वी काय होतं ते पुसलं जात नाही. आत्ताचं आणि मघाचं ताडून पाहिलं की कुठला सेन्सर आधी जागा झाला ते समजतं. त्यावरून चाक पुढे चाललंय की मागे, हे कळतं. पुढे असेल तर बेरीज, मागे असेल तर वजाबाकी. मध्येच चाचांच्या घरून तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण आलं, ते हात न धुताच खाल्लं.

मग दोघांना बोलावलं आणि विणकराला चाक उलटं फिरवायला सांगितलं. आकडा खाली उतरला. चाचांनी त्याला बाजूला करून स्वतः चाक धरलं. मागे फिरवलं, पुढे फिरवलं, पुन्हा मागे. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी हात वर करून सगळे लूम बंद करायला लावले. भरदिवसा तो कारखाना इतका गप्प झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"कपडा इसने नहीं काटा," चाचा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मशीन को उलटा गिनना नहीं आता था. चोर मैंने बोला, सब के सामने बोला. माफी भी सब के सामने माँगता हूँ."

विणकर गमछ्यात तोंड खुपसून लूमला टेकला. माझेही डोळे भरून आले. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत एकही लूम सुरू होऊ दिला नाही.