समोरच्या काउंटरवरची

गोंदियाच्या बाजारात मी साड्या विकते त्या दुकानासमोर कापडाचं दुकान आहे. तिथे काम करणारी एक बाई कुडव्याहून स्कुटीवर यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. कापड मोजण्याआधी ती बांगड्या कोपरापर्यंत सारायची. तेवढ्यावरूनच मला ती शिष्ट वाटायची.

मोजून फाडलेलं कापड परत घेत नाही म्हणून एका गिऱ्हाइकाने तिच्या थोबाडीत मारली. ती तडक पोलीस ठाण्यात गेली. त्याला तासाभरात ठाण्यातूनच जामीन मिळाला. दुकानापासून लांब राहायची अट कुणी घातली नाही. दुकानात राबणाऱ्यांवर हात उचलणाऱ्यांसाठी कडक कायदा येणार, असं आमचे शेठ पेपरातून नेहमी वाचून दाखवतात. तो अजून बाजारापर्यंत पोचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा तिच्यासमोर उभा! तिने कापड मोजायचा लोखंडी मीटर काउंटरवर आडवा ठेवला आणि दुकानांच्या अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "जमानत तुले ठाण्यानं देली, मी नाही देली. चाल, उतर खाली."

माझा जळफळाट झाला. मलाही एका गिऱ्हाइकाने असंच मारलं होतं. शेठनी सांगितलं म्हणून मी त्यालाच चहा नेऊन दिला होता.

तो माणूस पायऱ्या उतरला आणि सरळ आमच्याकडे आला. चपला काढून गादीवर बसला. म्हणाला, "बहनजी, साडी दिखाओ."

ती समोरून माझ्याकडेच बघत होती. मी बांगड्या तिच्यासारख्याच कोपरापर्यंत सारल्या, आणि साडी उलगडली.