भिंतीबाहेरून ऐकलेला खो-खो

परवा पांढरकवड्याला मुलींच्या खो-खोच्या स्पर्धेला गेलो होतो... आणि नातीचा, पायलचा, फायनलचा सामना न बघताच परत आलो. तरी इतका खूश होऊन मी बऱ्याच वर्षांत घरी आलो नव्हतो.

करोनामुळे यंदा नियम कडक होता. एका खेळाडूमागे घरचा एकच माणूस आत, बाकीच्यांनी गेटबाहेर थांबायचं. पायलनं शाळेतून पास आणला आणि कवितानं, म्हणजे माझ्या सुनेनं, तो तसाच माझ्या हातात ठेवला.

आमच्या तांड्यात पंगतीतलं पहिलं ताट म्हाताऱ्या माणसाचं, लग्नातली पहिली खुर्चीही त्याचीच. पासही त्याच हिशेबानं माझ्याकडे आला. मीही घेतला... तुला जायचं आहे का, एवढंही तिला विचारलं नाही.

आता खरं सांगतो. करोनात शाळा बंद होती तेव्हा पायलचा सराव चालू ठेवला तो कवितानं. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. ही अंगणात बादल्या आणि टोपल्या एका ओळीत मांडायची, दोन टोकांना खांब म्हणून दोन बल्ल्या रोवलेल्या, आणि पदर खोचून पोरीच्या मागे धावायची. 'खो'सुद्धा स्वतःच ओरडायची. शेजारच्या बाया हसायच्या, आणि मी बाजेवर बसून चहा प्यायचो. माझा हातभार एवढाच.

मैदानात फक्कीचे गोल मारून त्यात लांब लांब खुर्च्या ठेवल्या होत्या. पहिला सामना आमच्या मुलींनी जिंकला. खेळाचे सर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, पोरगी फायनलला दोन मिनिटं टिकली तर जिल्ह्याच्या संघात तिचं नाव घ्यावंच लागेल. मग विचारलं, "बापू, सराव तुम्हीच करून घेतला ना? इतक्या सुट्टीनंतरही पाय विसरले नाहीत तिचे."

आणि मी मान हलवली... होय म्हणून.

का हलवली, देव जाणे. तोंडावर मास्क होता म्हणून निभावलं. सर गेले आणि ती खुर्ची मला टोचायला लागली. गेटच्या गजांतून पाहिलं तर कविता डबा काखेत धरून, भिंतीला कान लावून उभी.

उठलो. गेटवर ताप मोजणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांना म्हणालो, आतला माणूस एकच राहील, फक्त मी जातो आणि सून येते. त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, चालेल, पण एकदा बाहेर गेलात की परत आत घेणार नाही. म्हटलं, कबूल.

कविता मात्र ऐकेना. "मले काय समजते बापू त्या नियमातलं? तुम्ही बसा, मी हाय इथंच."

"पोरीमागं सहा महिने धावली कोण, तू का मी? जाय लवकर, पुकारा होऊन राह्यला."

डबा माझ्या हातात देऊन गेली. मागे वळूनही पाहिलं नाही.

गेटपाशी कुणाला उभं राहू देत नव्हते, आणि भिंत चांगली डोक्याच्या वर. बाजूला मारेगावकडचे एक गृहस्थ उभे होते, माझ्याच वयाचे. त्यांची नात समोरच्या संघात, आमच्या मुलींना पकडायला धावणारी. आम्हा दोघांनाही दिसत काहीच नव्हतं. पण गर्दी नसल्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं... पावलं, धापा, 'खो'. गडी बाद झाला की शिट्टी, आणि मग माइकवर त्या मुलीचा नंबर. पायलचा नंबर सात.

माइकवर पुकारा झाला, पायलची तिघींची तुकडी पळायला आत गेली. शिट्टी झाली... "चार नंबर बाद." पुन्हा शिट्टी... "दोन नंबर." माझा जीव टांगणीला. माझ्याकडे घड्याळ नाही. गृहस्थ आपलं मनगट बघत म्हणाले, "तुमची हाय अजून. एक मिनिट झाला."

"तुमच्या नातीनं धरली तर?"

"धरली तर धरली. पण टाइम मी बरोबर सांगीन."

तेवढ्यात आतून एक आवाज आला. खणखणीत. "खांब सोडू नको पायल, खांब सोडू नको." लग्न होऊन सतरा वर्षं झाली, पण घराबाहेर सुनेचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

खो... खो... खो. शिट्टी नाही.

"दीड," गृहस्थ म्हणाले. मग मनगटावरची नजर हलवलीच नाही. मी डबा छातीशी धरलेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली. त्यानंतरही कितीतरी 'खो' ऐकू आले, तेव्हा कुठे शिट्टी झाली. "सात नंबर बाद." आम्ही दोघं हातभर लांबूनच टाळ्या वाजवत होतो.

सामना आमच्या मुली हरल्या. पण संध्याकाळी माइकवर जिल्ह्याच्या संघाची नावं वाचली, त्यात पायल होती. त्या गृहस्थांची नातही होती.

सर बाहेर आले आणि पुन्हा माझंच अभिनंदन करू लागले. या खेपेला मान हलवली नाही. म्हटलं, "सर, मघाशी मी खोटं बोललो. पोरीला पळवलं तिच्या आईनं. मी नुसता पाहत होतो." सरांनी कविताला हात जोडले. ती मास्क उगाच आणखी वर ओढत राहिली, पण डोळे हसत होते.

परतीच्या ऑटोत तिनं मला अख्खा सामना सांगितला. कोण कुठून आलं, पायलनं कशी हूल दिली, पंच कुठे चुकले... तांडा येईपर्यंत थांबली नाही. मी विचारत होतो, ती सांगत होती, आणि पायल मधे बसून तिच्या चुका काढत होती.

एकच पास मिळाला म्हणून सकाळी मी फार कुरकुर केली होती. दोन मिळाले असते तर मी खुर्चीतच बसून राहिलो असतो, आणि सरांपुढे हलवलेली मान तशीच राहून गेली असती. अदलाबदल करू देणाऱ्या त्या गेटवरच्या मॅडमना, आणि घड्याळ बघणाऱ्या त्या भल्या माणसाला मनापासून नमस्कार.