गोपीनाथ उजगरेची झोप

गोपीनाथ उजगरेला शांतता कधी मानवलीच नाही. इंदूरच्या मिलमध्ये, साचाखात्यात त्याची उमर गेली. शेकडो मागांच्या त्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येणार? विणकर एकमेकांच्या ओठांवरूनच बोलणं ओळखायचे. जेवणाच्या सुट्टीत गोपीनाथ चालत्या मागांशेजारी खुशाल डुलकी काढी. वीज जाऊन माग थांबले, की मात्र दचकून उठे.

मग मिल बंद पडली. पेपरांत नव्या आर्थिक धोरणाचं कौतुक छापून येत होतं आणि इकडे घरातल्या शांततेत या माणसाची झोप उडाली होती. तो रडला नाही, भांडला नाही, शिव्यासुद्धा घातल्या नाहीत. आतून बधिर झाला. ताट वाढलं की जेवायचा, उचललं की उठायचा. बायको प्रेमलता दर शुक्रवारी त्याला प्रार्थनासभेला नेई. आजोबांपासून घर ख्रिस्ती. पण हल्ली गीतं, उपदेश सगळं त्याच्या अंगावरून ओघळून जाई.

"आज येतो. पुढच्या हफ्त्यापासून बोलावू नको, बस," एकदा तो म्हणाला. "तिथे मला काहीच वाटत नाही. फालतू में देवाला कशाला फसवायचं?"

"आज तर चला," प्रेमलता म्हणाली.

सभेच्या शेवटी सगळे आपापली प्रार्थना एकाच वेळी, मोठ्याने करत. एकच गलका उडाला. गोपीनाथची नजर बायकोच्या ओठांवर गेली. नोकरी मागत असेल, नाहीतर आपली चुगली करत असेल, असं त्याला वाटलं. जुन्या सवयीने तो वाचत गेला.

"प्रभू, काम नाही मागत. हे थकलेत रे. ह्यांना फक्त झोप दे."

पुन्हा तेच. पुन्हा तेच.

मिल बंद पडल्यापासून सगळे त्याला बेकार म्हणत. थकलेला कुणी म्हटलं नव्हतं. थकलोय खरा, त्याला वाटलं. देवापुढे थकून बसलं तरी चालत असेल. त्याने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. हॉल एकदम शांत झाला. प्रेमलतेने झटकन त्याच्याकडे पाहिलं. आता हे दचकून उठणार.

गोपीनाथ उठला नाही.

पास्टरजी त्याला हलवायला वाकले, तशी तिने त्यांचा हात अडवला आणि आवाज न करता, नुसते ओठ हलवून सांगितलं, "राहू द्या. झोपलेत."