विलासचा लॉगिन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा मागवून विषय बदलणारा मी माणूस. सर्व्हरच्या खोलीत काही घडलं तर त्याला कारण असतं आणि ते लॉगमध्ये, म्हणजे मशिनने स्वतः ठेवलेल्या नोंदींत, सापडतं, एवढीच माझी श्रद्धा. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली...

दोन हजार सालानंतरची गोष्ट. येरवड्याजवळ आमचं ऑफिस. मी आणि विलास — यवतमाळकडचा, कर्वेनगरला माझा रूम-पार्टनर — एका क्लायंटसाठी क्लस्टर उभं करत होतो. म्हणजे दोन मशिन. अ‍ॅप्लिकेशन, त्याचा डेटा, त्याचा पत्ता, या सगळ्याचं एक गाठोडं बांधायचं, त्याला पॅकेज म्हणायचं. एक मशिन बंद पडलं की दुसऱ्याने ते उचलायचं. मात्र दुरुस्तीसाठी पॅकेज हाताने थांबवलं, की हे आपोआप उचलणं बंद होतं. ते आठवणीने, वेगळी कमांड देऊन, परत चालू करावं लागतं; आम्ही त्याला स्विच म्हणायचो. मी हटकून विसरायचो. मग विलास मागे येऊन उभा राहायचा — "का बे, स्विच कोण चालू करणार, तुझा सासरा?" — आणि स्वतःच्या डेस्कवर जाऊन करून टाकायचा.

गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष वापरात जाण्याच्या आठवड्यात त्याला कावीळ झाली आणि बघता बघता विकोपाला गेली. हॉस्पिटल ऑफिसपासून दहा मिनिटांवर. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला, आवाज पार खोल गेलेला.

"येऊन जा ना बे थोडा वेळ."

"काम आटपतो, संध्याकाळी येतोच," मी म्हणालो.

"बरं. स्विच विसरू नको."

विसरलोच. दुपारी साडेतीनला काम संपवून, थांबवलेलं पॅकेज सुरू करून कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो, आणि थोड्या वेळात निरोप आला — पहिलं मशिन बंद पडलंय. जिना चढताना आठवलं. धावत खोलीत पोचलो, तर दुसऱ्या मशिनवर पॅकेज व्यवस्थित चालू होतं.

लॉग उघडला. तीन वाजून चाळीस मिनिटं, स्विच चालू. युजर विलास. त्याच्याच डेस्कवरच्या पीसीवरून. मी जाऊन पाहिलं... प्लग काढून ठेवलेला, कीबोर्डवर आठवड्याची धूळ. शनिवार असल्यामुळे त्या मजल्यावर दुसरं कोणी नव्हतं.

सर्व्हरच्या खोलीत मोबाइल नेता येत नसे, तो ड्रॉवरमध्ये होता. त्यावर विलासच्या वडिलांचे तीन मिस्ड कॉल. विलास सव्वातीनला गेला होता.

घड्याळ चुकलं असेल म्हणून तपासलं, बरोबर होतं. त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता, मलाही नाही. आजपर्यंत मला याचं उत्तर मिळालेलं नाही, आणि खरं सांगू, त्याने माझी झोप उडत नाही. उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. दहा मिनिटांवर माझा मित्र मरत होता आणि मी गेलो नाही.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर त्याचे वडील बसले होते. मला पाहून उठायला लागले, मीच खाली बसलो.

"सकायपासून इचारत होता जी तो," ते म्हणाले, "तुमचं काम झालं का म्हणून. झालं का?"

"झालं, काका," मी म्हणालो. "त्यानेच केलं."

त्यांना वाटलं, मी त्यांच्या समाधानासाठी बोलतोय. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.