निकाली काढलेली तक्रार

सोसायटीची सेक्रेटरी असताना मी जी कामं केली, त्यांत इमारतीवरून लोंबणाऱ्या वायरी उतरवणं हे मला सर्वांत मोठं वाटायचं. वाघोलीतली आमची इमारत सात मजली आणि जवळजवळ प्रत्येक फ्लॅटचं इंटरनेट वेगळ्या कंपनीचं. गच्चीवर नुसता गुंता. मी सभेत ठराव मांडला, सगळ्या इमारतीला एकच कंपनी आणली, डक्टमधून नीट केबल टाकून घेतली. स्पीड दुप्पट झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जे आमच्या सोसायटीत सहसा होत नाही.

तक्रार एकानेच केली. माझ्या नवऱ्याने.

त्याला पन्नाशीच्या आधीच ऐकू कमी यायला लागलं होतं. कानाला मशीन लावलं तरी आवाज येतो, शब्द कळत नाहीत. फोनवर तर काहीच नाही. ड्रॉइंग ऑफिसमधली नोकरी त्याने त्यापायी सोडली. मग मित्रांबरोबरचा सकाळचा चहा, लग्नकार्यं, एकेक सुटत गेलं. उरला शनिवारी दुपारचा खेळ. कॉम्प्युटरवर एक काल्पनिक खोरं आणि त्यात रेल्वे टाकायची: रूळ, पूल, बोगदे, सिग्नल. पाच जण मिळून खेळायचे. हा इथे, एक सांगलीला, एक नागपूरला, दोघे चिंचवडला. प्रत्यक्ष कोणी कोणाला भेटलेलं नव्हतं. बोलणं सगळं टाइप करून, त्यामुळे याचं काही अडायचं नाही. खोरं याच्या कॉम्प्युटरवर होतं, म्हणजे बाकीचे चौघे याच्याकडे यायचे. चार वाजता चहा घेऊन आत बसायचा आणि थोड्या वेळाने हसू ऐकू यायचं. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे तो जरा मोठ्यानेच हसतो. मी दार लोटून घ्यायचे.

नवीन कनेक्शन आल्यावर पहिल्याच शनिवारी तो स्वयंपाकघरात आला.

"कोणीच येऊ शकत नाहीये."

"कुठे?"

"गेममध्ये. मला बाहेर जाता येतं, त्यांना आत येता येत नाही."

"अरे, स्पीड दुप्पट झालाय!"

"काय?"

"स्पीड! दुप्पट!"

"स्पीडचं म्हणतच नाहीये मी."

मी कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने मोबाइलवर स्पीड मोजला, "मॅडम, फुल्ल मिळतोय," म्हणाला आणि गेला. नवरा राउटरशी खटपट करत राहिला. दोनदा त्याने सगळी सेटिंग पुसून पुन्हा भरली आणि त्यात माझी ऑफिसची मीटिंग मध्येच तुटली. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि ओठ नीट दिसतील अशा बेताने म्हणाले, "घरात कटकट नको. सेक्रेटरीकडे लेखी द्या."

त्याने खरंच लेखी दिलं. खाली वॉचमनच्या केबिनमध्ये तक्रारवही असते. तीत त्याच्या ठसठशीत, ड्रॉइंगवरच्यासारख्या अक्षरात: "नवीन इंटरनेट आल्यापासून बाहेरच्या माणसांना माझ्या मशीनपर्यंत पोहोचता येत नाही. मला बाहेर जाता येते. अडचण स्पीडची नाही. कृपया पाहावे."

मला वाटलं, टोमणा आहे. आमच्या घरी टोमणा मारायला तोंड उघडावंच लागतं असं नाही. कमिटीच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुमच्या तर घरातच विरोधी पक्ष!" सगळे हसले, मीही हसले. खाली लिहिलं: "स्पीड तपासला. योग्य आहे. निकाली." सही केली, शिक्का मारला.

त्यानंतर तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. शनिवारी कॉम्प्युटरपुढे बसायचा, म्हणजे जमलं असेल असं मी धरून चालले. हसू ऐकू येत नव्हतं हे माझ्या लक्षात आलं होतं. खरं सांगायचं तर मला ती शांतता सोयीची वाटली.

आठ-नऊ महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची तक्रार आली. ते मांजरी गावात नोकरीला, घरी म्हातारी आई एकटी. तिच्यासाठी लावलेला कॅमेरा त्यांना कामावरून दिसत नव्हता. या वेळी कंपनीने अनुभवी इंजिनिअर पाठवला. त्याने समजावलं ते असं: सगळ्या इमारतीला बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता आहे. आतून कोणी काही मागवलं की ते बरोबर त्याच्याकडे येतं. पण बाहेरून कोणी आपणहून आलं, तर कोणत्या फ्लॅटमध्ये सोडायचं हे गेटला कळत नाही, म्हणून ते परत पाठवतं. उपाय सोपा होता. त्या फ्लॅटला स्वतंत्र पत्ता मागायचा. मी एक मेल केला, दोन दिवसांत काम झालं.

जाताना त्याने विचारलं, "आणखी कोणाची अशी तक्रार होती का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले आणि खात्रीसाठी वही चाळली. दहा मिनिटं लावून त्याने मला जे समजावलं होतं, ते तीन ओळींत तिथे होतं. खाली माझा शिक्का.

आमच्यासाठीही पत्ता मागवला. तरी बाहेरून येता येईना, कारण कंपनीचा डबा आणि आमचा राउटर एकामागे एक बसलेले. दोघांचीही दारं बंद. रविवारी मी वाचून वाचून एकेक केलं. कंपनीच्या डब्याला येईल ते नुसतं पुढे सोडायला लावलं, नवऱ्याच्या मशीनला कायमचा नंबर दिला, खेळाला लागणारं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, त्या नंबरकडे उघडलं. मोबाइलचं वायफाय बंद करून बाहेरून तपासलं. पोहोचलं.

"आता येतील," मी म्हणाले.

तेव्हा त्याने सांगितलं. पहिल्या महिन्यातच सगळे सांगलीवाल्याच्या मशीनवर गेले. तिथे नवीन खोरं सुरू झालं. हाही पाहुणा म्हणून गेला. पण तिथे सगळे हेडफोन लावून बोलतात. याने टाइप केलेलं खाली कोपऱ्यात येतं, तिकडे कोणाचं लक्ष नसतं. एका शनिवारी त्यांनी याने बांधलेला पूल पाडला.

"न विचारता?"

"विचारलं असेल. मला ऐकू आलं नाही."

"मला सांगायचंस."

"सांगितलं होतं."



त्याने चौघांना लिहिलं. चौघांचीही छान उत्तरं आली. प्रत्यक्षात नागपूरवाला आला, दोन शनिवार. जुन्या रुळांवरून त्याने एक गाडी फिरवली, "मस्त वाटलं" असं लिहिलं आणि गेला. तिसऱ्या शनिवारी त्याला काम निघालं. तूच खेळ ना नवऱ्याबरोबर, असं बहिणीने मला सुचवलं. मी एकदा बसले. मला त्यात गोडी नाही, आणि ते त्याला पाच मिनिटांत कळलं. "राहू दे," म्हणाला. रागाने नाही.

पुढच्या महिन्यात तो म्हणाला, "ते पोर्ट बंद करून टाक. वापर नसताना उघडं ठेवू नये."

त्याचं बरोबर होतं. तरी मी म्हणाले, "थोडे दिवस राहू दे की."

"कोणासाठी?"

मी सेटिंग उघडली. तो माझ्या खांद्यामागे उभा राहून, मी नेमक्या ओळीवरची खूण काढते आहे ना, ते बघत होता.